तालुका कोर्टाचं कामकाज मोजायचं कसं आणि सुधारायला सुरुवात कुठून करायची

दर महिन्याच्या अखेरीला प्रत्येक कोर्टातून एक तक्ता जिल्हा न्यायालयाकडे जातो. महिन्याच्या सुरुवातीला किती प्रकरणं होती, नवी किती आली, निकाली किती निघाली, शिल्लक किती. त्याच्या जोडीला उच्च न्यायालयाने ठरवलेल्या निकषांनुसार न्यायाधीशांच्या कामाची युनिटं मोजली जातात. हे सगळं लागतंच. पण कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला पक्षकार यातलं काहीच मोजत नसतो. तो तारखा मोजतो. माझ्या मते त्याचंच माप सगळ्यात कामाचं आहे. ‘आजची तारीख ज्या कामासाठी नेमली होती, ते काम आज झालं का?’ हा प्रश्न महिनाभर रोज विचारून उत्तर लिहून ठेवलं, तर कोर्ट कुठे अडतंय ते बहुतेक वेळा तेवढ्यानेच कळतं.

हा लेख तालुका वकील संघ, कोर्टातले अधीक्षक आणि सहायक, विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी, आणि आपल्या कोर्टाकडे जरा शास्त्रशुद्ध नजरेने पाहू इच्छिणारे न्यायाधीश यांच्यासाठी आहे. लॅपटॉपवरची साधी एक्सेल शीट पुरते. नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवलंय ते महाराष्ट्रातलं नेहमीचं तालुका कोर्ट: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. एकाच बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामांच्या यादीवर, निशाणी ५ चा (दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, चेक बाउन्स, पोटगी आणि पोलिसांची दोषारोपपत्रं.

पायरी १: काय मोजायचं ते आधी ठरवा

‘प्रलंबित’ म्हटलं की आपण सगळ्याला एकाच रंगाने रंगवतो. कालच दाखल झालेला दावाही प्रलंबित, आणि २००४ चा वाटपाचा दावाही प्रलंबित. विधी आयोगाने २०१४ च्या २४५ व्या अहवालात हे वेगळं करून दाखवलं. दाखल झालं पण निकाली निघालं नाही ते सगळं प्रलंबित. साधारण जितका वेळ लागायला हवा त्यापेक्षा जास्त लागलेलं ते विलंबित. आणि त्या विलंबाला पटण्यासारखं कारण नसेल तर ते थकीत. तुम्हाला कमी करायचंय ते तिसरं.

मग ‘साधारण वेळ’ कुठला? काही प्रकारांत कायद्यानेच सांगितलाय, आणि मोजपट्टी म्हणून तोच घ्यावा. चेक बाउन्सच्या, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ च्या तक्रारी दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असं त्याच कायद्याचं कलम १४३ म्हणतं. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत. पोक्सोचा खटला शक्यतो दखल घेतल्यापासून एका वर्षात, अर्थात ते काम विशेष न्यायालयाचं. दिवाणी दाव्यात युक्तिवाद संपल्यावर निकालपत्र ३० दिवसांत, अपवादात्मक स्थितीत ६० दिवसांत. फौजदारीत सत्र खटल्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ प्रमाणे ३० दिवस, कारणं नोंदवून ४५; दंडाधिकाऱ्यांकडच्या खटल्याला कलम ३९२ प्रमाणे ४५ दिवस. साध्या दिवाणी दाव्याला अशी एकूण मुदत कुठेच लिहिलेली नाही. तिथे तुमच्याच कोर्टातल्या गेल्या तीन वर्षांच्या निकाली दाव्यांवरून आजची स्थिती काढा आणि तिच्याशी तुलना करा.

जगात यावर बरंच काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या राज्य न्यायालयांच्या राष्ट्रीय केंद्राने २००५ मध्ये ‘कोर्टूल्स’ नावाचे दहा निकष आणले. न्यायालयीन उत्कृष्टतेच्या आंतरराष्ट्रीय चौकटीसोबत वापरायला पुढे अकरा जागतिक निकष तयार झाले. त्यातले काही आपल्याकडे गैरलागू आहेत. ज्युरीचा वापर नीट होतो का, हे तालुका कोर्टात मोजून काय करणार? पण पाच गोष्टी जशाच्या तशा उचलण्यासारख्या आहेत: निपटाऱ्याचं प्रमाण, लागणारा काळ, शिल्लक प्रकरणांचं वय, सुनावणीच्या तारखेची खात्री, आणि कोर्टात येणाऱ्या माणसाचा अनुभव. महाराष्ट्रासाठी मी सहावी घालतो, दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्यासाठीचा अर्ज. तिचं कारण पुढे येईल.

पायरी २: आकडे गोळा करा, आणि त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

पहिला स्रोत राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड, म्हणजे एनजेडीजी. जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी तो २०१५ पासून सगळ्यांना खुला आहे. राज्य, मग जिल्हा, मग कोर्टाची आस्थापना असं खाली उतरत जाता येतं. वयानुसार, टप्प्यानुसार, दिवाणी-फौजदारी असं वर्गीकरण मिळतं. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून जास्त आणि एकट्या महाराष्ट्रात ५० लाखांहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत, ते याच ग्रिडवरून कळतं. विलंबाच्या कारणांचाही एक विभाग तिथे आहे, पण कारण सगळ्या प्रकरणांत भरलेलं नसतं. त्यामुळे त्यावरून टक्केवारी काढून भाषणं ठोकू नयेत. आकडे सतत बदलतात, म्हणून पाहाल त्या दिवशीच तारखेसकट उतरवून घ्या.

दुसरा स्रोत ई-कोर्ट सेवा, संकेतस्थळ किंवा ॲप. खरा माल इथे आहे. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो: राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, आस्थापनेचे दोन अंक, सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष. तो टाकला की प्रकरणाचा सगळा इतिहास उलगडतो. कुठल्या तारखेला कशासाठी ठेवलं होतं, त्या दिवशी काय झालं, पुढची तारीख कशासाठी. रोजचं बोर्डही तिथेच मिळतं.

तिसरा स्रोत कोर्टातला मूळ रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) आणि रजिस्टरं. ते अर्थात कोर्टाच्या आतल्या माणसांसाठी.

गणिताला बसण्याआधी झाडलोट करावी लागते. या चार गोष्टी हमखास सापडतात. पुढची तारीखच नसलेली प्रकरणं: संगणकात आहेत, कुणाच्याच बोर्डावर येत नाहीत. चुकीचा टप्पा: पुरावा सुरू होऊन दोन वर्षं झाली तरी प्रणालीत ‘मुद्दे काढणे’ (वादाचे मुद्दे ठरवण्याचा, पुराव्याआधीचा टप्पा) असंच दिसतंय. निकाल लागलेलं पण प्रणालीत निकाली न दाखवलेलं प्रकरण. आणि फरार आरोपीमुळे सुप्त नस्तीत, म्हणजे तात्पुरत्या बाजूला ठेवलेल्या फायलींत गेलेल्या केसेस, ज्या वेगळ्या मोजायला हव्यात. ही सफाई बाहेरच्या माणसाला करता येत नाही. वकील संघाने यादी करून अधीक्षकांकडे द्यावी, आणि देताना ‘तुमचे आकडे खोटे आहेत’ असा सूर लावू नये. ज्या सहायकाकडे दोन टेबलांचं काम आहे त्याच्याकडून टप्पा बदलायचा राहतो, त्यात कट-कारस्थान नसतं.

पायरी ३: चार गणितं

समजा, एका कोर्टात वर्षाच्या सुरुवातीला २,४०० प्रकरणं होती. वर्षभरात १,००० आली, १,०५० निकाली निघाली. उरली २,३५०.

निपटाऱ्याचं प्रमाण म्हणजे निकाली भागिले दाखल, गुणिले शंभर. इथे १०५ टक्के. शंभरच्या वर म्हणजे शिल्लक कमी होतेय. छान.

अंदाजे लागणारा काळ म्हणजे शिल्लक भागिले निकाली, गुणिले ३६५. युरोप परिषदेची न्यायकार्यक्षमता समिती हेच सूत्र वापरते. इथे उत्तर येतं ८१७ दिवस, सव्वादोन वर्षं. वाईट नाही, असं वाटेल.

आता तेच आकडे फोडा. समजा त्या १,००० मध्ये दिवाणी दावे २५० होते आणि त्यांतले-आधीचे मिळून निकाली निघाले १४०. वर्षअखेर शिल्लक दावे ९००. दिवाणीचं प्रमाण निघतं ५६ टक्के, आणि लागणारा काळ २,३४६ दिवस, जवळपास साडेसहा वर्षं. मग १०५ टक्के आले कुठून? गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळ्या झालेल्या छोट्या समरी केसेसमधून. तक्ता खरा आहे, त्यात कुणी लबाडी केलेली नाही. फक्त बेरीज करताना दावा आणि दंडाची पावती एकाच मापाने मोजली गेली. म्हणून पहिला नियम: प्रकार वेगळे केल्याशिवाय कुठलंही प्रमाण काढायचं नाही. किमान चार गट करा, दिवाणी दावे, दोषारोपपत्राच्या केसेस, १३८ च्या तक्रारी, आणि उरलेलं सगळं. दरखास्ती वेगळ्या वहीत.

राष्ट्रीय लोक अदालतीनंतरच्या महिन्यात याची विशेष काळजी घ्या. बँकांची वसुली, वीजबिलं, वाहतुकीची ई-चलानं ही दाखलपूर्व प्रकरणं कोर्टाच्या बोर्डावर कधी आलेलीच नसतात. ती मिटली हे चांगलंच झालं, पण तुमच्या कोर्टाची शिल्लक त्याने एकानेही कमी होत नाही.

तिसरं गणित वयाचं. शिल्लक प्रकरणांचे गट पाडा: एक वर्षाच्या आतली, एक ते तीन, तीन ते पाच, पाच ते दहा, दहाच्या वरची. सर्वोच्च न्यायालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन प्रणालीत पाच वर्षांपेक्षा जुनं प्रकरण राहू नये हे उद्दिष्ट धरलं होतं, तेव्हा पाच वर्षांची रेघ महत्त्वाची.

चौथं, सरासरी टाळा, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. पाच दावे निकाली निघाले, त्यांना लागले ३, ४, ६, ८ आणि १६८ महिने. सरासरी येते जवळपास ३८ महिने, जी यातल्या एकाही दाव्याला लागू नाही. मध्यक ६ महिने. पण मध्यकाबरोबर सगळ्यात जुन्या दहा टक्क्यांचं वयही लिहा, कारण १६८ महिने थांबलेला माणूस मध्यकात दिसेनासा होतो.

इथे एक खाचखळगा आहे, आणि त्यात मोठमोठे अहवाल पडलेले दिसतात. ‘निकाली प्रकरणांना लागलेला काळ’ कमी झाला म्हणजे कोर्ट सुधारलं असं नाही. जुनी सोडून ताजी प्रकरणं उरकली की हा आकडा झपाट्याने सुधारतो. उलट एखाद्या न्यायाधीशांनी धाडस करून पंधरा-पंधरा वर्षांचे दावे हातावेगळे केले, की त्या वर्षी हाच आकडा बिघडतो. म्हणून निकाली निघालेल्यांचं वय आणि शिल्लक राहिलेल्यांचं वय शेजारी-शेजारी लिहा. पहिलं वाढलं आणि दुसरं घटलं, तर त्या कोर्टात चांगलं काम चाललंय.

पायरी ४: महिनाभर तारीख मोजा

इथपर्यंतचं काम घरबसल्या होतं. आता कोर्टात बसायचं, किंवा रोजच्या बोर्डावरून ई-कोर्टवरचा त्या दिवसाचा रोजनामा पाहायचा. कामकाज खुल्या न्यायालयात चालतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ब आणि फौजदारीत नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ तसंच सांगतं, त्यामुळे मागच्या बाकावर वही घेऊन बसायला आडकाठी नसावी. तरी आधी न्यायाधीशांना भेटून सांगितलेलं बरं. इन-कॅमेरा चालणारी आणि कौटुंबिक प्रकरणं वगळा. पक्षकारांची नावं वहीत उतरवूच नका, क्रमांक पुरतो.

रकाने असे: प्रकरण क्रमांक आणि वर्ष, प्रकार, आज कशासाठी ठेवलं होतं, काय झालं, झालं नसेल तर का, पुढची तारीख किती दिवसांनी. ‘काय झालं’ या रकान्यात तीनच उत्तरं ठेवा: झालं, अर्धवट झालं, झालं नाही. साक्षीदार आला, सरतपासाचं (त्याच्या स्वतःच्या बाजूच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र दाखल झालं, उलटतपास पुढे गेला, तर ‘अर्धवट’.

‘का’ हा रकाना सगळ्यात मोलाचा आणि भरायला सगळ्यात कठीण. रोजनाम्यात पुष्कळदा नुसतं ‘अर्ज मंजूर, तहकूब’ एवढंच असतं. म्हणून कारणांचे छोटे सांकेतिक क्रमांक आधी ठरवून घ्या. वकील दुसऱ्या कोर्टात. वकील तयार नाहीत. पक्षकार गैरहजर. साक्षीदार आला नाही. साक्षीदार आला पण परत पाठवला. हे मुद्दाम वेगळं ठेवा. समन्स किंवा वॉरंट बजावून आलं नाही. आरोपीला तुरुंगातून हजर केलं नाही. मोजणीचा किंवा रासायनिक विश्लेषणाचा अहवाल नाही. मयत पक्षकाराचे वारस लावायचे बाकी. मूळ फाईल अपिलात वर गेलेली. न्यायाधीश रजेवर किंवा प्रशिक्षणाला. आणि वेळच उरला नाही.

महिनाअखेरीला प्रत्येक टप्प्यासाठी प्रमाण काढा: शंभर तारखा पुराव्यासाठी ठेवल्या, त्यातल्या किती तारखांना पुरावा झाला? हीच तारखेची खात्री. सोबत दोन तारखांमधलं अंतर. या दोन आकड्यांतून कोर्टाचं जे चित्र दिसतं, ते वार्षिक तक्त्यात दिसत नाही.

काय दिसेल याचा अंदाज आधीच देतो. समजा बोर्डावर ९० प्रकरणं आहेत आणि प्रत्यक्ष बैठक साडेपाच तासांची. एका प्रकरणाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत. उलटतपास चार मिनिटांत होत नाही, हे न्यायाधीशांनाही माहीत आहे आणि वकिलांनाही. न्यायाधीश ९० ठेवतात, कारण त्यांतली बरीच तहकूब होणार हे त्यांना ठाऊक असतं; १५ ठेवली आणि तीही तहकूब झाली तर दिवस रिकामा जायचा. वकील तयारी करून येत नाहीत, कारण ९० मधलं आपलं आज निघेलच याची शाश्वती नसते. म्हणून त्याच दिवशी तीन कोर्टांत तीन प्रकरणं घेतात. साक्षीदार एकदा-दोनदा परत गेला की तिसऱ्यांदा येत नाही. यात प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणानेच वागतोय, आणि म्हणूनच हे चक्र नुसत्या उपदेशाने सुटत नाही. तहकुबीला ‘वकिलांची सवय’ म्हणणं किंवा ‘कोर्टाची ढिलाई’ म्हणणं, दोन्ही अर्धवट आहे.

पायरी ५: चक्र तोडायचं ते बोर्डावर

कायद्यात तरतुदी भरपूर आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ नियम १ प्रमाणे सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९०. नव्या फौजदारी संहितेच्या कलम ३४६ मध्ये तहकुबीवर दोनची मर्यादा. तरीही तारखा पडतात, कारण नियम एका प्रकरणाकडे पाहतो आणि अडचण पूर्ण बोर्डाची असते. शिवाय दिवाणीतल्या या मुदती दंडक म्हणून किती ताणाव्यात यावर सर्वोच्च न्यायालयाने सेलम वकील संघाच्या २००५ च्या निकालात बरीच लवचिकता ठेवलेली आहे. खर्च बसवणं उपयोगी पडतं, पण शंभर-दोनशे रुपये भरून तारीख विकत मिळत असेल तर तो दंड राहत नाही.

म्हणून आधी बोर्ड बदला. जमतील तशा या गोष्टी करा, सगळ्या एकदम करू नका.

टप्प्यानुसार वेळ ठरवा. सकाळचा पहिला अर्धा तास हजेरी, समन्सची वाट, कैफियत अशी ‘पुकाराची’ कामं; यातली बरीच अधीक्षकांच्या पातळीवर लागू शकतात. त्यानंतर पुरावा. युक्तिवाद दुपारनंतर. पक्षकाराला ‘अकराला या’ ऐवजी ‘अडीचला या’ सांगता आलं, तरी अर्धी गर्दी ओसरते.

पुराव्याची प्रकरणं दिवसाला मोजकीच ठेवा. तुमच्याच वहीवरून ठरवा: या कोर्टात दिवसाला सरासरी किती साक्षी प्रत्यक्ष होतात? तीन होत असतील तर बोर्डावर चार-पाच ठेवा, वीस नव्हे. पहिल्या महिन्यात एखादी दुपार रिकामी जाईल. जाऊ द्या, त्या वेळात निकालपत्रं लिहून होतात.

मुद्दे काढतानाच वेळापत्रक ठरवा. व्यापारी न्यायालयांसाठी २०१५ च्या कायद्याने ऑर्डर १५-अ आणली, त्यात प्रकरण व्यवस्थापनाची सुनावणी आहे: साक्षीदार किती, कुठल्या दिवशी कोण, युक्तिवाद कधी. साध्या दाव्यात हे बंधनकारक नाही, पण दोन्ही वकिलांच्या संमतीने करायला कुणाची हरकत असणार? वकिलांनीच स्वतःच्या डायऱ्या पाहून दिलेली तारीख वकील सहसा मोडत नाहीत. या एका गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भर आहे.

आलेला साक्षीदार परत पाठवायचा नाही. वकील नसले तरी बदली वकिलाने उलटतपास घ्यावा, किंवा साक्षीदाराचा येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च त्या पक्षाने तिथेच द्यावा. वकील संघाने हा ठराव स्वतः केला तर न्यायाधीशांना कठोर व्हावं लागत नाही.

पायरी ६: जुन्या पंचवीस

प्रत्येक कोर्टात सगळ्यात जुन्या २५ प्रकरणांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर एकच वाक्य लिहा: हे प्रकरण पुढे जायला नेमकं कुणी काय करायला हवं? दोन वाक्यं झाली तर पुन्हा विचार करा. ‘प्रतिवादी क्र. ३ मयत, वादीच्या वकिलांनी वारसांची नावं द्यायची.’ ‘भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून मोजणीचा नकाशा यायचा, फी भरलेली नाही.’ ‘उच्च न्यायालयाची स्थगिती, पुढे काय झालं ते कुणी पाहिलेलं नाही.’

स्थगितीबद्दल जरा सावध. सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठते हा २०१८ चा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द ठरवला. तेव्हा सहा महिने झाले म्हणून काम पुढे रेटता येत नाही. वरच्या कोर्टातली स्थिती तपासून संबंधित पक्षाला तिथे लवकर सुनावणीचा अर्ज करायला सांगावं लागतं.

ही यादी दर महिन्याला प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या बैठकीत जावी. पाच वर्षांवरच्या प्रकरणांवर सतत देखरेख ठेवण्याचे निर्देश यशपाल जैन विरुद्ध सुशीला देवी या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात आहेतच, त्यामुळे हा उपद्व्याप कुणाला आगाऊ वाटायला नको. मोजणी, रासायनिक विश्लेषण, तुरुंग ही खाती कोर्टाच्या हाताखालची नाहीत. त्यांच्याकडची सगळी अडकलेली प्रकरणं एकत्र करून एकच यादी पाठवली, तर वेगवेगळ्या वीस स्मरणपत्रांपेक्षा लवकर हलतात.

मार्च महिन्यात आणखी एक यादी करा: युक्तिवादाच्या टप्प्यावरची प्रकरणं. उन्हाळी सुट्टीनंतर न्यायाधीशांच्या बदल्या होतात. पुरावा नव्या न्यायाधीशांना तिथून पुढे चालवता येतो, ऑर्डर १८ नियम १५ मध्ये तशी सोय आहे. ऐकलेला युक्तिवाद मात्र वाया जातो. एप्रिलअखेर हे निकाल लागले तर दोन्ही वकिलांची एकेक दुपार वाचते आणि पक्षकाराचं सहज सहा महिन्यांचं काम वाचतं.

पायरी ७: समन्स आणि दरखास्त

दाव्याचं पहिलं वर्ष बजावणीतच गेलेलं असतं. मोजायचं इतकंच: आदेश झाल्यापासून समन्स नाझर विभागात (बजावणीचं काम पाहणाऱ्या) जायला किती दिवस, तिथून बेलिफाच्या, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात किती दिवस, अहवाल परत यायला किती. पुष्कळदा बेलिफाला दोष दिला जातो आणि वही सांगते की वादीने प्रोसेस फीच भरलेली नव्हती, किंवा पत्त्यात गल्लीचं नावच नव्हतं. बजावणीचा मागोवा मोबाइलवरून घेणारी एनस्टेप प्रणाली ई-कोर्ट प्रकल्पात आहे. तुमच्याकडे ती खरोखर वापरात आहे का, की यंत्रं कपाटात आहेत, एवढं पाहा. दाव्यात पक्षकाराचा मोबाइल क्रमांक लिहिण्याची सवय वकिलांनी लावून घेतली तर अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात.

आता दरखास्त. १८७२ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने म्हणून ठेवलंय की भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा अंमलात आणायचा आदेश) मिळाल्यावर सुरू होतात. निपटाऱ्याच्या तक्त्यात दावा ‘निकाली’ झालेला असतो, आणि माणसाच्या हातात घराचा ताबा नसतो. राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या २०२१ च्या निकालात दरखास्त सहा महिन्यांत संपवावी असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. ते आले तेव्हा देशभरात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती प्रलंबित निघाल्या, आणि त्यांतल्या सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या महाराष्ट्रात. इतर कुठलंही राज्य जवळपासही नाही. सहावा निकष मी का घातला, ते यावरून लक्षात येईल.

आपल्याकडे यातल्या एका प्रकाराची गाठ ठरलेली आहे: शेतजमिनीचं वाटप. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. कागद तहसीलला जातो, तिथून भूमी अभिलेखला, मोजणीची फी, नोटिसा, हरकती. कोर्टात दरखास्त ‘अहवालाच्या प्रतीक्षेत’ वर्षानुवर्षं तारखा घेते. अशा दरखास्तींची तालुकावार एक यादी करून तहसीलदार आणि उपअधीक्षकांसोबत तिमाही बैठक लावणं हे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या हातात आहे. कोर्टाच्या आत कितीही सुधारणा केल्या तरी या गटाचा आकडा अशा बैठकीशिवाय हलत नाही.

पायरी ८: माणसांना विचारा

आठवड्यातला एक दिवस, कोर्ट सुटताना फाटकाशी, पाच प्रश्न. आज तुमचं काम झालं का? नाही झालं तर का, ते कुणी सांगितलं? पुढची तारीख कशासाठी आहे, माहीत आहे का? आज यायला किती खर्च आला, रोज बुडाला का? तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असं वाटलं का? खटला हरलेल्यांनाही शेवटचा प्रश्न विचारा. त्यांचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या कोर्टाला त्याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. बाई एकट्या आल्या असतील तर विद्यार्थिनीने विचारावं, आणि वकिलासमोर विचारू नये.

न्यायाधीशांना नावानिशी क्रमांक देण्याच्या फंदात मात्र पडू नका. एकाच्या वाट्याला जमिनीचे दावे आलेले असतात, दुसऱ्याच्या वाट्याला दंडाच्या केसेस. क्रमवारी लागली की लोक ती सुधारण्याच्या मागे लागतात, आणि मग दावा गैरहजेरीत काढून टाकणं, पुरावा बंद करणं असे सोपे उपाय सुचतात. काढून टाकलेले किती दावे वर्षभरात पुन्हा दाखल करून घ्यावे लागले आणि ‘विना उलटतपास’चे किती आदेश मागे घ्यावे लागले, हे दोन आकडे जरूर ठेवा. घाईची किंमत त्यांत दिसते.

अहवाल एका पानाचा

सहा निकष, प्रत्येकाचा आजचा आकडा आणि गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा आकडा. खाली तहकुबीची पहिली तीन कारणं. त्याखाली पुढच्या तिमाहीत कोण काय करणार, तीनच ओळी: एक कोर्टाची, एक वकील संघाची, एक बाहेरच्या खात्याची. आकडे जाहीर करण्यात संकोच नको. व्यापारी न्यायालयांच्या कायद्याचं कलम १७ दाखल आणि निकाली प्रकरणांची माहिती दरमहा प्रसिद्ध करायला सांगतंच. तालुका कोर्टाने वकिलांच्या कक्षात एक कागद लावला तर आभाळ कोसळणार नाही. आधी तो न्यायाधीशांना दाखवा, त्यांच्या दुरुस्त्या घ्या, मग लावा.

तुलना करताना तिमाही कुठली ते पाहा. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, निवडणुकीत गुंतलेले पोलीस आणि कर्मचारी, वकिलांचं एखादं काम बंद आंदोलन, यांनी आकडे वर-खाली होतात. एप्रिल-जूनची तुलना जानेवारी-मार्चशी केलीत तर प्रत्येक वर्षी कोर्ट बिघडलंय असंच दिसेल. आणि पहिल्या तिमाहीत शिल्लक प्रकरणं कमी होतील अशी अपेक्षा धरू नका. तेवढ्यात हलतो तो तारखेच्या खात्रीचा आकडा, वयाचा तक्ता हलायला वर्ष जातं.